दोघांत एक गोळी

नवा साबण घरात आला की सुभद्राकाकू तो आधी दोऱ्याने कापायची. सुरीने कापला तर भुगा पडतो आणि वाया जातो, असं तिचं म्हणणं. कोशाच्या रेशमाचा एक पक्का धागा दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळायचा, वडीवर ताणून धरायचा आणि हळूहळू खाली दाबायचा. दोन सारखे तुकडे. एक डब्यात बंद, एक न्हाणीत, नवरा-बायको दोघांना मिळून. मी पवनीत त्यांच्या शेजारच्या घरात राहायला आले त्याच आठवड्यात हे पाहिलं आणि मला हसू आवरेना. "काकू, अर्धा काय नि पूर्ण काय, जायचा तेवढाच जाणार ना?" मी म्हटलं. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "पूर्ण वडी हातात आली का माणूस पूर्ण वडीसारखा घासते, पोरी. अर्धी दिसली का हात आपोआप आवरते."

मी घरी जाऊन करून पाहिलं. खरंच आवरतो. तेव्हापासून मी तिची शिष्या झाले, आणि आज त्याच गोष्टीची मला इतकी चीड येते की साबणाची वडी हातात घेतली तरी डोळे भरून येतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी फसायला नको. काकू आता नाही. तिचं कौतुक करायला मी बसलेली नाही. म्हणजे कौतुक आहेच, पण त्याच्याखाली जे आहे ते मला सांगायचं आहे.

काकूचे यजमान दामोदरकाका हातमागावर कोशाच्या साड्या विणायचे. गल्लीत एके काळी घरोघरी माग होते म्हणतात; मी आले तेव्हा आवाज फक्त त्यांच्याच घरातून यायचा. व्यापारी सूत आणून द्यायचा आणि विणलेली साडी घेऊन जायचा. काका मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि काकू शेजारी चरख्यावर सूत गुंडाळून कांड्या भरायची. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की दुसरी तयार पाहिजे, नाहीतर माग थांबतो. म्हणजे ती उठली की ते थांबले. तीस-पस्तीस वर्षं या दोघांनी एकमेकांना सोडून एक दिवस काम केलेलं नव्हतं.

त्यांची एकुलती एक मुलगी वर्षा नागपूरला नर्सिंग शिकत होती. दोघांची सगळी काटकसर तिच्यासाठी. वर्षाचं शिक्षण मधेच सुटलं तर आपण जगलो कशाला, असं काकू उघड बोलायची, आणि ते बोलताना तिच्या तोंडावर जी भीती यायची ती मी दुसऱ्या कोणाच्या तोंडावर पाहिलेली नाही. "माह्या माय-बापानं मले चौथीतून काढलं, कांड्या भराले बसवलं," ती म्हणायची. "मी माह्या पोरीले चरख्यावर बसू देणार नाही. माती खाईन, पण बसू देणार नाही."

माती तेवढी खाल्ली नाही. बाकी सगळं करून झालं होतं. घरात चष्मा एकच. काका विणत असले की तो त्यांच्या डोळ्यांवर. ते जेवायला उठले की काकूच्या. वर्षाचा मेसेज आला तर काका मागावरून ओरडून सांगायचे, "थांब वो, एवढी नक्षी होऊ दे, मंग देतो." मोबाईलही एकच. चहा एकच कप, काका कपातून आणि काकू बशीतून. भात सकाळी एकदाच शिजायचा. तुरीची डाळ त्या घरात पाहुण्यापुरती, एरवी स्वस्तातली लाखोळीची. बाजाराच्या दिवशी लोक सकाळी जायचे, काकू दिवस मावळताना जायची, भाजीवाल्या पालं गुंडाळायला लागल्या की. उरलेली वांगी त्या अर्ध्या भावात टोपलीत टाकायच्या आणि वर शिव्याही घालायच्या. उन्हाळ्यात घरचा पंखा बंद करून दोघं देवळाच्या सभामंडपात जाऊन बसायची, कारण तिथला पंखा पंचायतीच्या बिलावर. "देवालेही सोबत होते नं," काकू म्हणायची. आणि या सगळ्यावर तिचं एकच वाक्य, दिवसातून दहादा: "एकात भागवू."

मी आणि माझा नवरा नितीन तेव्हा पैशांवरून रोज भांडायचो. मी खाजगी शाळेत मास्तरीण, त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. दोघं कमावते, आणि महिन्याच्या वीस तारखेला दोघंही एकमेकांच्या पाकिटात हात घालणारे. काकूने आम्हाला शिकवलं. बाहेरून आल्याबरोबर पिशवी कोणी कुठे टाकतं ते बघ, म्हणायची. जो पिशवी लपवतो तो खर्च करतो. नवऱ्याला एकट्याला दुकानात पाठवू नको आणि तूही एकटी जाऊ नको, दोघं गेले की एक जण तरी लाजतो. आम्ही हसायचो, पण करायचो. वर्षभरात आमची भांडणं थांबली आणि प्लॉटसाठी थोडे पैसे मागे पडले. शाळेतल्या बायकांच्या ग्रुपवर मी काकूच्या युक्त्या टाकायची, खाली अंगठे आणि फुलं पडायची. मला वाटायचं, वा! किती शहाण्या बाईच्या शेजारी आपण राहतो.

शहाणपणाच्या आत काय चाललंय ते दिसायला मला वेळ लागला. एका उन्हाळ्यात व्यापाऱ्याने सूत कमी द्यायला सुरुवात केली. माल उठत नाही म्हणाला. तेव्हापासून काकूचे उपास वाढले. आधी फक्त चतुर्थी होती. मग सोमवार आला, मग गुरुवार, मग शनिवार. मी विचारलं, "काकू, एवढे देव काहून धरले हो?" ती हसली. "देव नाही धरले. देवानं मले धरलं." साबुदाणा नाही, फळ नाही, गुळाचं पाणी प्यायची आणि चरख्यावर बसायची. काकांच्या ताटात मात्र भात तेवढाच. त्यांना वाटायचं बायको देवभोळी होत चालली. आणि मला कळत होतं. नंतर सगळं सांगता येतं, पण हे मला तेव्हाच कळत होतं.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात आमच्या शाळेत आरोग्य शिबिर भरलं. काकांना आधीपासून बीपी होतं. सरकारी दवाखान्यातून त्यांना महिन्याची गोळी फुकट मिळायची, रोज एक. मी दोघांनाही शिबिरात घेऊन गेले. काकूच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा आला, तपासणाऱ्या मुलीने पुन्हा बांधला. "आजी, तुम्हाला तर आजोबांपेक्षा जास्त आहे. दवाखान्यात येऊन स्वतःचं कार्ड काढा. गोळी सुरू करा, उशीर करू नका." काकू मान हलवत राहिली. घराजवळ आल्यावर म्हणाली, "वर्षाले सांगू नोको. तिचं शेवटचं वर्ष हाय, पेपर हायेत. तुले माही आन हाय." मी बरं म्हटलं.

चार दिवसांनी मी वाटी मागायला गेले तर काकू उंबऱ्यात बसून अडकित्त्याने काहीतरी कापत होती. मला वाटलं सुपारी. जवळ गेले तर काकांची गोळी. पांढरी, बारकी. अडकित्त्यात मधोमध धरून कट्कन दोन भाग केले, एक काकांच्या हातावर ठेवला, एक स्वतःच्या तोंडात टाकला आणि वर पाणी प्याली.

"काकू, हे काय?"

"बिमारी एकच हाय दोघायची. गोळी एकच हाय. मंग एकात भागवू."

आता ऐका, मी काय केलं ते. मी हसले. "वा काकू, फुकटच्या गोळीतही बचत!" असं म्हणाले. हेच शब्द. ते मी घरी नितीनला सांगितलं आणि तोही हसला.

गोळी फुकट होती हे सारखं माझ्या डोक्यात येतं. एक पैसा लागणार नव्हता. लागणार होता तो एक दिवस. कार्ड काढायला ज्याचं त्याला स्वतः जावं लागायचं, रांगेत सकाळपासून दुपारपर्यंत. काका महिन्यातून एकदाच जायचे, मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपला त्या दिवशी. जुना ताणा संपला की नव्या ताण्याचे शेकडो धागे जुन्या टोकांना एकेक करून जोडावे लागतात. त्या दिवशी काकांना काम नसायचं आणि काकूला मान वर करायला फुरसत नसायची, कारण जोडणी तिच्याच बोटांची. काका दवाखान्यात जाताना चष्माही तिच्यापाशी ठेवून जायचे. डॉक्टर काय लिहितो ते त्यांना वाचता यायचं नाही. आणि इतर कुठल्या दिवशी ती गेली तर कांड्या कोण भरणार? माग बंद. एकाच्या रांगेपायी दोघांचा दिवस बुडणार. हा हिशोब तिला साबणाच्या वडीइतका सोपा होता.

पुढच्या महिन्यात काका दवाखान्यातून आले ते काळजीत. डॉक्टरने तपासलं, बीपी उतरलेलं नाही म्हणाले. कसं उतरणार? पोटात अर्धीच जात होती. गोळ्या वेळेवर घेता का, असं विचारलं, तर काका छाती पुढे काढून म्हणाले, एक दिवस नाही चुकली साहेब. तेही खरंच. मग डॉक्टरने एकीच्या जागी रोज दोन गोळ्या लिहून दिल्या. काकूला इतका आनंद झाला की ती धावत माझ्याकडे आली.

"बाप्पा! देवानं ऐकलं पाय. आता पूर्ण एक त्यायले नं पूर्ण एक मले. अडकित्त्याचं कामच नाही!"

मला तेव्हाही हसूच आलं. पुढच्या वेळी काकांचं बीपी बरोबर निघालं. डॉक्टर खूश झाले, आणि आता बरं आहे म्हणून पुन्हा एकच गोळी करून दिली. काका बिचारे काय बोलणार? दुसरी कुठे जाते ते सांगायची सोय नव्हती. चोरी केल्यासारखं वाटायचं त्यांना. दुसऱ्या दिवशी अडकित्ता परत उंबऱ्यात आला.

आता मात्र काकूचं डोकं दुखायला लागलं. कपाळाला घट्ट फडकं बांधून चरख्यावर बसायची. मी मागे लागले. खरंच लागले, एवढं तरी सांगू द्या. म्हटलं, "काकू, मी सुट्टी काढते, तुम्हाला घेऊन जाते, त्या दिवशीच्या कांड्या आदल्या दिवशी भरून ठेवा." ती म्हणाली, "जाऊ नं. वर्षाचे पेपर झाले का जाऊ." मी म्हटलं, मग वर्षालाच सांगते. ती उठून माझ्यापाशी आली आणि माझे दोन्ही हात धरले.

"नोको. माह्या गळ्याची आन हाय तुले. ते पोरगी एक नंबरची हट्टी हाय. तिले समजलं का माय आजारी हाय, तर पेपर सोडून येईन नं चरख्यावर बसन. मंग मी हे सारं कायले केलं? सांग, कायले केलं?"

माझी एक सुट्टी शिल्लक होती. ती मी साकोलीला मावसबहिणीच्या साखरपुड्याला घेतली. काकूला म्हटलं, पुढच्या महिन्यात नक्की. ती म्हणाली, "जा बाई, खुशीचं काम हाय. मी कुठी पळून चाललो का?"

त्याच महिन्यात व्यापारी अचानक भरपूर सूत घेऊन आला. कुठल्याशा लग्नाच्या साड्या होत्या, घाई होती. कितीतरी महिन्यांनी घरात पूर्ण काम आलं. दोघं पहाटेपासून बसायची. एक ताणा संपला की त्याच दिवशी दुसरा लावायचा. काका जोडणीला मदत करायला थांबले आणि त्यांचा दवाखान्याचा दिवस गेला. गोळ्या संपत आल्या. काकूने मला नंतर स्वतःच सांगितलं, अगदी युक्ती सांगावी तशा सुरात: उरलेल्या सगळ्या ती काकांनाच देत होती, पूर्ण एकेक. "मागावर ते बसते. चक्कर आली तर खड्ड्यात पडन. मी तं खालीच बसलेली हावो. मी कुठी पडू?" मी म्हटलं, "अवो माय, काकू, असं नका करू!" आणि शाळेची घंटा चुकेल म्हणून निघाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी शाळेत काकांचा फोन आला. त्यांना नीट बोलता येत नव्हतं. काकू ताण्याचे धागे जोडत बसली होती, काका बाहेर पाणी प्यायला उठले, परत आले तर ती ताण्यावर आडवी. एका बाजूचं तोंड वाकडं, डोळे उघडे. मी आणि नितीनने रिक्षा करून भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. वाटभर काका तिचा हात चोळत होते आणि एकच म्हणत होते, "उठ वो, धागे अर्धे राहिले. उठ वो." मला त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटत होता.

तिथल्या डॉक्टरने विचारलं, बीपीची गोळी चालू होती का? काका म्हणाले, हो. कुठली? काकांनी खिशातून स्वतःचं कार्ड काढून दिलं. डॉक्टरने नाव वाचलं. "हे तर तुमचं आहे. यांचं कुठे आहे?" काका माझ्याकडे पाहायला लागले. मी खाली पाहिलं. काकू दोन दिवस होती. शुद्धीवर आली नाही.

पेपर चालू होते म्हणून काकांनी वर्षाला शेवटपर्यंत कळवू दिलं नाही; ती नागपूरहून आली ती आई गेल्यावरच पोचली. परीक्षा अर्धी झाली होती. उरलेले पेपर त्या तेरा दिवसांत निघून गेले. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला भिंतीपलीकडून मागाचा आवाज आला. कांड्या कोण भरतंय?

मी गेले. वर्षा चरख्यावर बसली होती. काका मागावर होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण पाय चालत होते, कारण व्यापाऱ्याच्या साड्या द्यायच्या होत्या. "मी सांगून राहिलो तिले, जा म्हणून," ते मला म्हणाले. "आयकतच नाही."

"तुम्हाले गोळी कोण देईन?" वर्षा म्हणाली. मान वर केली नाही.

मी तिच्यापाशी खाली बसले. म्हटलं, वर्षा, काकांची गोळी मी देईन. दवाखान्यात मी नेईन. प्लॉटसाठी आम्ही जे बाजूला टाकलंय ते सगळं तुझं बुडालेलं वर्ष पुन्हा करायला घे, परत करू नको. तुझ्या आईनेच साठवायला शिकवलंय, ते तिचंच आहे. मी बोलत सुटले होते. रडत होते. तिने चरखा थांबवला.

"ताई, आईले बीपी हाय हे तुम्हाले माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"शिबिरापासून."

"मी तिथं रोज सकाळी वार्डात लोकायच्या मायायचं बीपी मोजतो," ती म्हणाली. "गोळी खाल्ली का नाही म्हणून एकेकीवर रागावतो. मले एक फोन काहून नाही केला?"

मी म्हटलं, "तिने आन घातली होती, वर्षा. स्वतःच्या गळ्याची. तुझे पेपर होते..."

"अन् तुम्ही ते आन पाळली," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, काही नाही. काकांच्या धोट्यातली कांडी संपत आली होती. तिने नवी भरून त्यांच्या हातात दिली.